मिश्र मंडळी एकजीव कशी करायची : गोव्यातल्या अनुभवावरून पायरी-पायरीने

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात रविवारी सकाळी उभं राहिलात तर चार तऱ्हेचे नमस्कार कानावर येतात. मिरज-कोल्हापूरकडची माणसं "सलाम" म्हणतात, कोंकणी घरांतली "देव बरो दीस दिवं" म्हणतात, हिंदीवाले "जय मसीह की" आणि कॉलेजातली पोरं "प्रेज द लॉर्ड". मला हे ऐकायला फार आवडतं. पण बरीच वर्षं असं व्हायचं की हे चार नमस्कार आत जाऊन चार कोपऱ्यांत बसायचे, उपासना संपली की चार घोळके करून चहा प्यायचे आणि चार दिशांना निघून जायचे, आणि आम्ही मात्र दर रविवारी "आपण सर्व ख्रिस्तात एक" म्हणायचो.

मी वास्कोच्या बाजूला एका छोट्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत आहे, आधी महिला मंडळाचं काम बघितलं, मग कमिटीचं सेक्रेटरीपद सांभाळलं. मराठी मंडळी म्हणायचं खरं, पण त्यात पोर्टात नोकरीला आलेली सांगलीकडची घरं आहेत, वेर्ण्याच्या कारखान्यांतली सिंधुदुर्गची पोरं आहेत, धारवाड-हुबळीची कानडी कुटुंबं आहेत, लग्न करून आलेल्या कॅथलिक घरांतल्या सुना आहेत, सीझनपुरती हॉटेलात काम करणारी मुलं आहेत. गोव्यात अशा मंडळ्या पुष्कळ. म्हणून आमच्याकडे जे करून बघितलं, जे चाललं आणि जे फसलं ते सविस्तर लिहिते, पाळकसाहेबांना, कमिटीवाल्यांना, महिला मंडळाच्या बायकांना, ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

आधीच एक सांगून टाकते. ऐक्यावर नुसती प्रवचनं देऊन ऐक्य येत नाही, वर्षातून एकदा सगळ्यांना जेवण घालूनही येत नाही. चर्चची किल्ली कोणाकडे, माईक कोणाकडे आणि हिशोबाची वही कोणाकडे, यावर सगळं ठरतं. या तीन गोष्टी ज्यांच्या घरी कधीच जात नाहीत ते मंडळीत पाहुणेच राहतात, मग तुम्ही त्यांना कितीही प्रेमाने वागवा.

हे माझ्या मनचं नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बघा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती भाषेवरूनच झाली, ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. बारा प्रेषितांनी "सगळ्यांनी प्रेमाने राहा" एवढं सांगून विषय मिटवला नाही, त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. आता ती सात नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटणीचं काम दिलं, आणि तेही सगळ्या विधवांच्या वाटणीचं, नुसत्या त्यांच्या विधवांच्या नाही. मी हा अध्याय कित्येक वेळा ऐकला होता पण नावांकडे कधी बघितलंच नव्हतं, एका बायबल स्टडीत ते लक्षात आलं आणि मग आमच्या कमिटीची यादी समोर घेतली तर त्यात सगळी आडनावं एकाच जिल्ह्याची.

पायरी पहिली : चार रविवार नुसतं बघा

घाईने काही सुरू करू नका. दोघं-तिघं विश्वासू माणसं घ्या, शक्यतो वेगवेगळ्या घोळक्यांतली, आणि चार रविवार फक्त बघा आणि घरी जाऊन वहीत लिहा. कोण कुठे बसतं. चहा कोण करतं, कप कोण धुतं. प्रार्थना करायला कोणाकोणाला उभं केलं. जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, कोण वाचतं. नवीन आलेल्या माणसाशी पहिलं कोण बोललं, की कोणीच नाही. कोण दर वेळी उशिरा येतं आणि शेवटच्या गीताला उठून जातं, आणि का, कारण ते बरेचदा उद्धट नसतात, त्यांची बस असते नाहीतर ड्युटी असते.

गोव्यात ड्युटीचा हिशोब वेगळाच करावा लागतो. ऑक्टोबर ते मे हॉटेलवाल्यांना रविवार मिळणं मुश्कील, नर्सबायांच्या नाइट शिफ्ट, पोर्टाच्या आणि कारखान्यांच्या पाळ्या. आमच्याकडे कमिटी म्हणायची की "ती पोरं अनियमित आहेत", आणि ती पोरं मंगळवारी मोकळी होती, पण मंगळवारी मंडळीत काहीच नसायचं. चार रविवार बघितल्यावर अशा गोष्टी आपोआप दिसतात. आम्ही मग मंगळवारी रात्री साडेआठला एका घरी प्रार्थना सुरू केली, पहिल्या दिवशी सहा जण आले, त्यातले चार असे की ज्यांची नावं मला सेक्रेटरी असून माहीत नव्हती. मला फार लाज वाटली त्या दिवशी.

अजून एक बघायचं, ते नाजूक आहे. जात आपण दाराबाहेर ठेवली असं म्हणतो, पण ती स्वयंपाकघरात आणि लग्नाच्या बोलण्यात आत येते. "तुमचं मूळ गाव कुठलं, आजोळ कुठलं, आधीचं आडनाव काय" हे प्रश्न नवीन माणसाला का विचारले जातात हे सगळ्यांना कळतं. कार्यक्रमाला भांडी घासणारी घरं नेहमी तीच आणि वाढणारी घरं नेहमी तीच असतील तर ते वहीत लिहा, कोणाला दाखवू नका, पण लिहा. पुढे ड्युटीचा तक्ता करताना ते कामाला येतं.

पायरी दुसरी : घरभेटी, पण जोडी बदलून

बघून झालं की घरोघरी जा. पाळकसाहेब एकटे गेले तर लोक चांगलंच बोलतात, चहा-बिस्किटं देतात आणि सगळं ठीक म्हणतात. म्हणून जोडीने जा आणि जोडी मुद्दाम मिश्र करा, कानडी घरी एक कानडी आणि एक मराठी, कोंकणी घरी तसंच. आमच्या मिरजेच्या एक मावशी आणि कारवारची एक ताई अशी जोडी आम्ही केली होती, दोघींचं आधी "काय, बरं ना" याच्या पुढे बोलणं नव्हतं, वीस घरं फिरल्यावर आता एकमेकींच्या नातवंडांच्या शाळेची चौकशी करतात. म्हणजे भेटी दिल्या त्यांच्यात जो बदल झाला तो वेगळाच.

"काही तक्रार आहे का" असं विचारू नका, कोणी सांगत नाही. हे तीन प्रश्न विचारा आणि गप्प बसून ऐका:

मंडळीत तुम्हाला शेवटचं काम कोणी आणि कधी सांगितलं?
उपासनेतला कुठला भाग कळत नाही?
घरात कोणी आजारी पडलं तर मंडळीतल्या कोणाला पहिला फोन कराल?

पहिल्या प्रश्नाला एका काकांनी सांगितलं, "सात वर्षांपूर्वी, खुर्च्या उचलायचं." ते गृहस्थ नोकरीत अकाउंट्स बघायचे. आमचा ट्रेझरर तेव्हा हिशोब जुळत नाही म्हणून दर महिन्याला डोक्याला हात लावून बसायचा.

घरी परत आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा, नावं न घालता. सगळ्या भेटी झाल्या की पाळकसाहेबांबरोबर बसून वाचा. आणि ज्यांनी जे सांगितलं त्यातली एकतरी गोष्ट महिन्याभरात करून दाखवा, अगदी छोटी का असेना, नाहीतर पुढच्या वेळी लोक दार उघडतील पण तोंड उघडणार नाहीत.

पायरी तिसरी : भाषेचा प्रश्न

यात सगळ्यात जास्त वेळ गेला आमचा, म्हणून जरा लांबण लावते.

गोव्यात मराठी-कोंकणी म्हटलं की जुन्या माणसांच्या मनात लगेच गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा येतो, त्या वेळचं कडू-गोड सगळं येतं. ते चर्चच्या दाराच्या आत आणू नका, कुठल्याच बाजूने. आमच्या कमिटीत एकदा एक जण म्हणाले की मराठी ही इथल्या चर्चची भाषा कधी नव्हतीच, तर दुसरे म्हणाले कोंकणी ही काय गाण्यापुरती. दोघंही चुकत होते. गोव्यातल्याच सासष्टी तालुक्यात रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं, ते मराठी ओवीत आहे, आणि त्याच माणसाने लिहिलेलं ख्रिस्ती शिकवणीचं कोंकणी पुस्तक १६२२ ला, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, तिथेच छापलं. माणूस इंग्लंडचा. तो सातासमुद्रापलीकडून येऊन दोन्ही भाषा शिकला, आणि आपण पलीकडच्या बाकावरच्या माणसाची एक ओळ शिकायला तयार नाही! त्या मीटिंगमध्ये मी हे बोलले आणि वाद तिथे थांबला, निदान त्या दिवशी तरी.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. मुख्य भाषा एकच ठेवा, आमच्याकडे मराठी. सगळ्या भाषांना सारखा वेळ द्यायचा प्रयत्न आम्ही केला, प्रत्येक वाक्याचं भाषांतर केलं, उपासना दोन तासांवर गेली, लहान मुलं रडायला लागली आणि खरं तर कोणालाच काही कळलं नाही. त्यापेक्षा हे करा:

शनिवारी संध्याकाळी वचनाचा भाग आणि प्रवचनाचे चार-पाच मुद्दे व्हॉट्सॲपवर पाठवा, मराठी, कोंकणी, कानडी, जे लागेल त्यात. पाळकसाहेबांना हे जड जातं कारण प्रवचन शनिवारी तयार असावं लागतं, पण सवय होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज.

दोन शास्त्रवाचनांपैकी एक दर रविवारी दुसऱ्या भाषेत. वाचणारा त्याच भाषेचा असावा, मराठी माणसाने कोंकणी वाचून दाखवायचं कौतुक नको. आणि त्याला आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी नाही.

गीतांच्या स्लाइड करताना लिपी बघा. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. कॅथलिक घरांतून आलेल्या माणसांना कोंकणी रोमी, म्हणजे इंग्रजी, लिपीत वाचायची सवय, आम्ही मात्र कोंकणी गीत देवनागरीत लावायचो आणि वर म्हणायचो की तुमचंच गाणं आहे तरी तुम्ही गात नाही. आता एका स्लाइडवर चारच ओळी, वर देवनागरी, खाली रोमी. कानडी गीत असेल तर कानडी लिपी आणि खाली देवनागरीत उच्चार, म्हणजे बाकीच्यांनाही तोंड हलवता येतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तबला-पेटीवर आमची जुनी माणसं डोळे मिटून म्हणतात, त्यांना हात लावू नका, ती राहू देत, पण तरुण पोरांच्या गिटारलाही महिन्यातून एक रविवार पूर्ण द्या, शेवटी उरलेली पाच मिनिटं नव्हे.

आणि प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने म्हणायची. पहिल्यांदा गोंधळ वाटतो. काही जण लवकर संपवतात, काही मागे राहतात, मग हळूहळू लोक एकमेकांसाठी थांबायला लागतात आणि "आमेन" बरोबर एकत्र येतो. मला अजूनही तिथे गळ्याशी दाटून येतं.

पायरी चौथी : किल्ली, माईक, वही

आता मुख्य गोष्ट. आधीच्या सगळ्या पायऱ्या केल्या आणि ही केली नाही तर दोन वर्षांत सगळं परत जागच्या जागी येतं.

किल्ली म्हणजे दार उघडणं, पंखे-लाइट, खुर्च्या, साउंड लावणं, शेवटी बंद करणं. ही किल्ली वर्षानुवर्षं एकाच घरी असते, आणि त्या घराने ते प्रेमाने केलेलं असतं, त्यामुळे काढून घेतली असं वाटता कामा नये. आधी त्यांच्या घरी जा, त्यांचे आभार माना, सगळ्या मंडळीसमोर त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि त्यांनाच सांगा की पुढच्याला शिकवा. दोन घरांची जोडी, एक वर्ष मुदत, जोडी वेगवेगळ्या गटांतली.

माईक म्हणजे उपासना चालवणं, प्रार्थना, वाचन, जाहिराती. सहा महिन्यांचा तक्ता करून भिंतीवर लावा. बोलायला घाबरणाऱ्याला आधी घरसभेत उभं करा, मग चर्चमध्ये. त्याच्या मराठीवर कोणी हसलं तर पाळकसाहेबांनी त्याच वेळी, तिथल्या तिथे, शांतपणे थांबवलं पाहिजे, नंतर बाजूला घेऊन समजावण्याने भागत नाही.

वही जास्त अवघड. दान मोजायला दर रविवारी दोन माणसं, एका घरची नाहीत, एका गावची नाहीत, दोघांनी आकडा लिहून सही करायची. बँकेत सह्या दोघांच्या. महिन्याचा हिशोब पानभर छापून नोटीस बोर्डावर, किती आले, कशावर गेले. पैशाच्या बाबतीत संशय फार लवकर भाषेचं आणि गावाचं रूप घेतो, "त्यांच्या लोकांनी" असं बोलणं सुरू होतं, आणि उघड हिशोब हाच त्यावरचा उपाय. खुर्च्या उचलणारे काका आता आमचे ट्रेझरर आहेत.

कमिटी निवडताना कोटा ठेवू नका असं काहींचं मत असतं, आत्म्याच्या चालवण्याने निवड व्हावी म्हणतात. मी त्यांचा मान राखून सांगते, प्रेषितांनी पवित्र आत्म्याने पूर्ण अशीच माणसं मागितली होती आणि निवडली गेली ती सगळी ग्रीक नावांची. दोन्ही एकत्र होऊ शकतं. तुमच्या मंडळीची सोसायटी म्हणून नोंदणी असेल तर घटनेतली मुदत, वार्षिक सभा, कोरम हे नीट वाचून मगच बदल करा, नाहीतर चांगल्या हेतूने केलेलं भांडणाचं कारण होतं.

पायरी पाचवी : मेज

करिंथच्या मंडळीवर पौल इतका चिडला तो जेवणावरून, पहिलं पत्र, अकरावा अध्याय: काही जण आधी येऊन पोटभर खातात आणि काही उपाशी राहतात. आपल्याकडे उपाशी कोणी राहत नाही पण बाकी तेच. आमच्या नाताळच्या जेवणात सोरपोतेल असायचं, आणि काही घरं डुक्कर खात नाहीत, ती भात-सलाड घेऊन कोपऱ्यात बसायची आणि आम्ही म्हणायचो "अहो घ्या ना". आता नियम असा की जे सगळे खातात ते आधी ठरवायचं, मग बाकीचं. वेगळं भांडं, वेगळा पळा, आणि कोणी काय का खात नाही हे विचारायचं नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय यासाठीच आहे.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, पद्धतीही निरनिराळ्या असतात. कोणी गुडघे टेकतं, कोणी उभं राहून घेतं, कोणाला एक प्याला हवा, कोणाला छोटे छोटे. पाळकसाहेबांनी एकदा सांगून टाकावं की इथे अशी पद्धत आहे आणि कोणाला गुडघे टेकायचे असतील तर तेही चालेल. एवढ्या एका वाक्याने आमच्याकडची एक वहिनी रडली होती, तिला वाटायचं की गुडघे टेकले तर लोक म्हणतील अजून जुनं सुटलं नाही.

एकत्र करायचं तर जेवण्यापेक्षा रांधणं जास्त चांगलं. डिसेंबरात आम्ही फराळ चर्चच्या हॉलमध्ये करायला लागलो. आमच्याकडची करंजी आणि गोव्याची नेवरी ही एकच गोष्ट, पण सारणावरून पहिल्या वर्षी काय चर्चा झाली, मिरजेच्या मावशींचं सुकं खोबरं, रवा, पिठीसाखर, तर कोंकणी ताईंचं ओलं खोबरं आणि गूळ. मावशी म्हणाल्या ओल्या खोबऱ्याची चार दिवसांत खवट होते, ताई म्हणाल्या चार दिवस उरतेच कुठे. शेवटी दोन्ही केल्या. कातणीने कडा कापता कापता मावशींनी विचारलं, "तुझी आई कशी करायची गं?", आणि त्या ताईने पहिल्यांदाच आपल्या आईबद्दल सांगितलं, की लग्नानंतर आई चार वर्षं बोलली नव्हती. आम्ही कितीतरी रविवार तिच्या शेजारी बसलो होतो आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही तऱ्हेच्या करंज्या, कुलकुल्या आणि दोस (चणाडाळ-खोबऱ्याच्या वड्या) असं ताट भरून शेजारच्या घरांत वाटलं, गोव्यात नाताळचं ताट शेजारी पाठवायची रीत आहेच.

पायरी सहावी : मतभेद लिहून काढा

लहान मुलांचा बाप्तिस्मा की मोठेपणी, प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणं, स्त्रियांनी प्रवचन देणं, डोक्यावर पदर. यावर सगळ्यांचं एकमत होईल अशी वाट बघू नका. एक पान लिहा. वरच्या अर्ध्या भागात जे सगळे मानतात ते, प्रेषितांचा विश्वासांगिकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वास थोडक्यात सांगणारा जुना मजकूर, घेतलात तरी पुष्कळ. खालच्या अर्ध्या भागात ज्यावर मोकळीक आहे ते, आणि मंडळीची चालू पद्धत काय ते. हे पान सभासद होणाऱ्या प्रत्येकाला द्या.

कॅथलिक घरांतून आलेल्यांबद्दल विशेष सांगते कारण गोव्यात हे रोजचं आहे. कोणाची सासू नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जाते, कोणाचा भाऊ ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत जातो, आणि आपण व्यासपीठावरून त्यावर टोमणे मारले तर ती बाई मान खाली घालून बसते, कारण ते तिच्या आईबद्दल असतं. जे आपण मानत नाही ते शिकवताना स्पष्ट शिकवा, पण कोणाच्या घरच्यांची चेष्टा व्यासपीठावरून नको.

पायरी सातवी : सगळ्यांना मिळून एक काम

आतल्या आत एकमेकांकडे बघत बसून ऐक्य टिकत नाही, बाहेर कुठेतरी एकत्र जावं लागतं. काम निवडताना तीन गोष्टी बघा: दर आठवड्याला जमेल इतकं छोटं असावं, त्यात प्रवचन देणाऱ्याइतकीच डबा करणाऱ्याची गरज असावी, आणि जमलं तर असं काम की ज्यात तुमचं मिश्र असणंच उपयोगी पडेल.

आमचं काम बांबोळीला सापडलं. गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे जीएमसीत, सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडचे पेशंट येतात, कारवारकडचे येतात, गोव्याचे तर आहेतच. पेशंट वॉर्डात आणि नातेवाईक बाहेर बसलेले, कुठल्या काउंटरला जायचं माहीत नाही, हातातला कागद वाचता येत नाही, कोणाला फक्त मालवणी येते तर कोणाला फक्त कानडी. आमच्याकडे या सगळ्या भाषा बोलणारी माणसं होती! जी गोष्ट रविवारी अडचण वाटायची तीच तिथे कामाला आली.

पण आधी परवानगी घ्या, हॉस्पिटलच्या प्रशासनाला आणि मेडिकल सोशल वर्करना भेटा, त्यांना काय हवंय ते विचारा, स्वतःचं डोकं लावू नका. आमचे नियम असे: दोघं-दोघं जायचं, दोघांच्या भाषा वेगळ्या. पत्रकं वाटायची नाहीत, कोणी स्वतःहून म्हटलं तरच प्रार्थना. औषधाचा सल्ला द्यायचा नाही. रोख पैसे द्यायचे नाहीत. फोटो काढायचे नाहीत, अगदी चर्चच्या रिपोर्टसाठीसुद्धा नाही. डबे द्यायचे असतील तर सकाळी केलेलं, साधं, वरण-भात-भाजी किंवा पेज, तेही विचारून. पणजीकडची कदंब बस पकडून जायचं, भाड्याचे पैसे मंडळीच्या वहीतून, म्हणजे ज्याच्याकडे नाहीत तोही येऊ शकतो.

धारवाडचे काका आणि वेंगुर्ल्याचा एक वीस वर्षांचा मुलगा अशी जोडी दर गुरुवारी जाते. रविवारी ते दोघं आता एकाच बाकावर बसतात, कोणी सांगितलं नाही.

पायरी आठवी : भांडण होणारच

झालं तर मत्तय अठराव्या अध्यायातला क्रम पाळा. आधी एकट्याने जाऊन त्याच माणसाशी बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपण बरोबर उलटं करतो, आधी ग्रुपवर.

मी स्वतः हे केलंय. एका बहिणीने वर्गणीबद्दल काही विचारलं आणि मी रात्री अकरा वाजता सगळ्यांच्या ग्रुपवर चार ओळींचं उत्तर लिहिलं, शब्द बरोबर होते पण सूर चुकीचा. ती तीन महिने आली नाही. तिच्याबरोबर तिच्या भाषेची अजून दोन घरं यायची थांबली, कारण त्यांच्या दृष्टीने ते सेक्रेटरीने त्यांच्या सगळ्यांनाच सुनावलं होतं. शेवटी मी तिच्या घरी एकटी गेले आणि माफी मागितली, आणि मग ग्रुपवरही मागितली, कारण दुखावलं तिथे होतं. घरी मागितलेली माफी ग्रुपवर दिसत नाही.

तेव्हापासून ग्रुपचे नियम केलेत. कोणाचं नाव घेऊन तक्रार नाही. पैशाचा प्रश्न ट्रेझररला फोनवर. रात्री नऊनंतर ॲडमिनशिवाय कोणी लिहायचं नाही. आणि मिटवायला बसवाल तेव्हा फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय आठवा, युवदीया आणि सुंतुखे यांचं कशावरून बिनसलं आणि कोण बरोबर हे पौल लिहीतच नाही, तो दोघींना वेगवेगळी विनंती करतो आणि दोघींनी सुवार्तेसाठी कष्ट केलेत हे सांगतो. निकाल देण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

कधी कधी घर जातंच. आमच्याकडून एक गेलं, खूप प्रयत्न केले तरी. त्यांना आशीर्वाद देऊन पाठवा आणि मागे त्यांच्याबद्दल बोलू नका, कारण उरलेले ऐकत असतात.

पायरी नववी : वर्षाने परत तेच तीन प्रश्न

पहिल्या घरभेटीची वही जपून ठेवा आणि वर्षाने नव्या जोड्या करून तीच घरं, तेच प्रश्न. आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात बदलली, आजारपणात पहिला फोन आधी ज्याचा त्याच्या गाववाल्याला जायचा, आता निम्म्याच्या वर घरांनी दुसऱ्या भाषेच्या माणसाचं नाव सांगितलं. उरलेली घरं अजून बाकी आहेत, तिथे जायचंय.

याच सुमाराला, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, किल्ली पुढच्या जोडीला द्या, सगळ्यांसमोर, हातात. यंदा ती धारवाडच्या काकांकडे आणि एका मालवणी घराकडे आहे. काका साडेआठलाच येतात, खिडक्या उघडतात, पंखे लावतात, खुर्च्यांवरून फडकं फिरवतात आणि मग पुढच्या बाकाजवळ उभं राहून एकटेच कानडीत प्रार्थना करतात. आम्ही लवकर पोचलो तर तेवढा वेळ चपला हातात घेऊन दारातच थांबतो.